दुसऱ्या सहीचा रकाना

सहाशे बारापैकी सहाशे अकरा. कालही हाच आकडा होता, परवाही हाच. राहिलेली एक बाई रजेवर असेल, आली की उरकेल, असं म्हणून तिने दोन दिवस तिकडे काणाडोळा केला होता. आता तपासणी उद्यावर आली, तेव्हा कुठे तिने ती एकटी लाल ओळ उघडली, आणि चहाचा कप तसाच खाली ठेवला. बाई रजेवर नव्हती. बाईने संगणकावरचं सक्तीचं प्रशिक्षण एकदा नाही, सात वेळा घेतलं होतं. सातही वेळा पहिल्या पडद्यापासून शेवटच्या प्रश्नापर्यंत, एकही पडदा न गाळता. सातही वेळा त्या शेवटच्या प्रश्नापाशी अकरा-अकरा मिनिटं थांबून तिने तिसरं बटण दाबलं होतं आणि नापास झाली होती. तिसरं बटण म्हणजे ‘कोणालाही काहीही सांगणार नाही.’ हे बटण कोणीच दाबत नसे. तीन पर्याय हवेत, दोनच बरे दिसत नाहीत, म्हणून ते भरतीला ठेवलेलं होतं. पुढच्या रकान्यात विभाग होता : हत्यारं निर्जंतुक करण्याचा विभाग, तळघर. त्याच्या पुढे नाव होतं. नाव वाचायची गरजच नव्हती.

हॉस्पिटलात तिला सगळे पुढेबाई म्हणत. तोंडावर ‘मॅडम’, पाठ वळली की पुढेबाई. प्रशिक्षणाच्या प्रत्येक पडद्याच्या शेवटी तिचाच आवाज म्हणे, ‘पुढे जाण्यासाठी हिरवं बटण दाबा,’ तेव्हा लोकांचं तरी काय चुकलं! हा आवाज ती घरी कपड्यांच्या कपाटात बसून रेकॉर्ड करी. कपड्यांमुळे आवाज घुमत नाही, हे तिला कोणीतरी सांगितलं होतं. आत नवऱ्याचे कोट नाकाला लागायचे, गुडघे हनुवटीशी यायचे, आणि अंधारात मोबाइलच्या उजेडात ती वाचायची : हात धुण्याच्या सहा पायऱ्या, सुई कुठे टाकायची, पेशंटची माहिती लिफ्टमध्ये का बोलायची नाही. चुकलेल्या उत्तरासाठी तिने एक खास वाक्य केलं होतं. ‘अरेरे! उत्तर चुकलं. हरकत नाही, पुन्हा प्रयत्न करा.’ हे वाक्य तिच्या मुलीने इतकं उचललं होतं, की घरात दूध उतू गेलं, किल्ली हरवली, बापाने मीठ जास्त टाकलं, की ही आठ वर्षांची कार्टी हुबेहूब आईच्या आवाजात म्हणायची, ‘अरेरे! हरकत नाही, पुन्हा प्रयत्न करा.’ नवरा हसून हसून बेजार व्हायचा. तीही हसायची. आपलाच आवाज आपल्याकडे असा परत आला की मानेमागे काहीतरी गार सरकतं, हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं काय होतं त्यात?

पूर्वीची प्रशिक्षणं म्हणजे साठ पडदे आणि साठही पडद्यांवर नियम. वॉर्डात त्यांचं काय होतं हे तिला पुरतं ठाऊक होतं, कारण नऊ वर्षं ती स्वतः वॉर्डात राबली होती. औषधांच्या ट्रॉलीवर आठ जणींचे आठ मोबाइल ओळीने मांडलेले असत. जी ट्रॉलीजवळून जाईल ती जाता जाता आठही मोबाइलवर अंगठा मारून जाई. सगळ्यांचे पासवर्ड कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेल्या कागदावर लिहिलेले. चाळीस मिनिटांचं प्रशिक्षण साडेतीन मिनिटांत पार, आठही जणींना पैकीच्या पैकी गुण, आणि त्या वेळात त्यातल्या दोघी बाथरूममध्ये पेशंटला आंघोळ घालत असत. त्यात लबाडी कोणाला वाटत नसे. कामं उरकायची असतात. म्हणून वर ऑफिसात आल्यावर तिने ठरवलं, की आपण असं काही करायचं की अंगठा थांबला पाहिजे. त्यासाठी ती एका कार्यशाळेलाही जाऊन आली. तिथल्या चटपटीत बाईंनी सांगितलं होतं : गोष्ट सांगा. पात्रं कमी ठेवा. एक माणूस, एक चूक, आणि शेवट असा की बघणाऱ्याला हुरूप आला पाहिजे. तिने वहीत लिहून घेतलं आणि ‘पात्रं कमी’ याच्याखाली दोनदा रेघ मारली. का मारली, ते त्या वेळी तिला विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं, सोपं जावं म्हणून.

गोष्ट तिने एका बैठकीत लिहिली. दुपारची पाळी. सहा नंबरचा आणि नऊ नंबरचा पेशंट. नऊ नंबरच्या आजोबांना खिडकी हवी असते, म्हणून सकाळी दोघांच्या खाटा बदलतात, पण उशाशी लावलेली नावाची पाटी बदलायची राहते. चोवीस वर्षांची नर्स पाटी वाचून रक्तदाब उतरवणारं इंजेक्शन भलत्यालाच देते. आजोबांना दरदरून घाम फुटतो. आणि इथे पडदा थांबतो : ‘तुमच्या हातात रिकामी सिरिंज आहे. तुमच्याशिवाय कोणालाही माहीत नाही. तुम्ही काय कराल?’ नर्स ताबडतोब सांगते, डॉक्टर धावत येतात, आजोबा वाचतात, आठव्या दिवशी हात हलवून घरी जातात. गोष्ट लागू पडली. काय लागू पडली म्हणता! अंगठे थांबले. जेवणाच्या टेबलावर नर्सेस भांडू लागल्या, की पाटी बदलायचं काम कोणाचं. लिफ्टमध्ये एक पोरगी तिला थांबवून म्हणाली, “मॅडम, मला रडूच आलं हो. कुठून सुचलं तुम्हाला?” ती म्हणाली, “सुचलं असंच.” आणि तिसऱ्या मजल्यावर उतरायचं होतं तरी पाचव्यापर्यंत गेली.

साहेबांचा फोन दहा वाजता आला. साहेब म्हणजे नियमपालन विभागाचे प्रमुख. माणूस वाईट नव्हता, फक्त आकड्यावर जगत होता. “मॅडम, एकच राहिलीय ना? एका बाईसाठी माझे शंभर टक्के अडलेत. अहो, उद्या पाहुणे आले की पहिला हाच कागद मागणार.” ती म्हणाली, “बघते साहेब.” “बघायचं काय त्यात? तुमच्याकडे अधिकार आहे, करून टाका. मोठ्या डॉक्टरांचं केलंत ना?” केलं होतं. एकोणीस मोठ्या डॉक्टरांनी प्रशिक्षण उघडूनसुद्धा पाहिलं नव्हतं, आणि त्या एकोणीस ओळींपुढे तिने स्वतःच्या हाताने टिकमार्क केला होता, कारणाच्या रकान्यात ‘समक्ष प्रशिक्षण दिले’ असं लिहून. “आणि हो,” साहेब म्हणाले, “बाई तीन महिन्यांनी निवृत्त होतायत म्हणे. हे राहिलं तर उद्यापासून त्यांचं ओळखपत्र बंद पडेल आणि निवृत्तीच्या कागदावर शेरा जाईल. आयुष्यभर नोकरी केली बिचारीने. उगाच कशाला?” उगाच कशाला, हे तिलाही पटलं. तिने ओळ उघडली, टिकमार्कच्या चौकटीवर बाण नेला. कारणाच्या रकान्यात ‘समक्ष’ एवढं टाइप केलं, आणि बोट तिथंच राहिलं.

तिच्या पहिल्या वॉर्डातल्या मोठ्या सिस्टरांची सही लांबलचक होती, शेवटी एक शेपूट खाली यायचं. औषधांच्या तक्त्यावर दोन रकाने असत : देणारीची सही, तपासणारीची सही. नियम असा, की दुसरीने येऊन पेशंट, पाटी, औषध, सगळं डोळ्यांनी बघायचं आणि मगच सही करायची. पण बत्तीस पेशंट आणि तीन नर्सेस, कोण येणार आणि कधी बघणार! म्हणून पाळी सुरू झाली की मोठ्या सिस्टर स्टुलावर बसायच्या आणि दुसऱ्या सहीचा अख्खा रकाना वरपासून खालपर्यंत भरून टाकायच्या. एकाखाली एक बत्तीस शेपटं. सगळ्या वॉर्डांत असंच चाले, सगळ्यांना माहीत होतं, कोणी तोंडातून काढत नसे. मोठ्या सिस्टर तिला म्हणायच्या, “पोरी, माझी सही आहे म्हणून निर्धास्त राहू नकोस. ती सही आंधळी आहे. तू डोळे उघडे ठेव.” त्यांनी तिला शीर शोधायला शिकवली, पहिला मृत्यू पाहिल्यावर पाठीवरून हात फिरवला, आपल्या डब्यातलं अर्धं खाऊ घातलं. पुढे नऊ नंबरच्या त्या इंजेक्शनची चौकशी लागली तेव्हा टेबलामागे तिघं बसले होते. मधल्या माणसाच्या चष्म्याला एका बाजूने दोरी बांधलेली होती. इतकी वर्षं झाली, तो चेहरा पुसला गेला, दोरी आहे. त्याने विचारलं, “दुसरी सही कोणाची?” ती म्हणाली, मोठ्या सिस्टरांची. “इंजेक्शन देण्याआधी त्यांनी येऊन तपासलं होतं?” पंखा फिरत होता. तिला तेव्हा नोकरी लागून सात महिने झाले होते, घरी बाप अंथरुणाला खिळलेला, हे सगळं खरं. पण त्या क्षणी तिने यातला कसलाही विचार केला नव्हता. तिला भीती वाटली, आणि ती म्हणाली, “हो.”

एक अक्षर. मोठ्या सिस्टरांना आत बोलावलं तेव्हा त्यांनी ते नाकारलंही नाही आणि कबूलही केलं नाही. नाकारायचं तर आगाऊ सह्यांचं सांगावं लागलं असतं, आणि ते सांगितलं की सगळ्या वॉर्डांतल्या सगळ्या सिस्टर अडकल्या असत्या. त्या गप्प बसल्या. त्यांना ‘तात्पुरतं’ तळघरात पाठवलं. त्या तात्पुरत्याला आता चौदा वर्षं झाली. नऊ नंबरचे आजोबा अकरा दिवस अतिदक्षता विभागात होते. वाचले, पण डाव्या हातातलं बळ परत आलं नाही. चौदा वर्षांत ती तळघराच्या जिन्याकडे फिरकली नव्हती. नव्या नर्सेसना हॉस्पिटल दाखवायला न्यायची तेव्हा वरूनच हात करून सांगायची, “खाली हत्यारं निर्जंतुक होतात.” प्रशिक्षणाचे सहाशे बारा पत्ते संगणकाने आपोआप घेतले होते. त्यात तळघरही येणार हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. तिला कळलं नव्हतं, किंवा तिने कळून घेतलं नव्हतं. यातलं खरं कुठलं, हे ठरवायचा ती जिना उतरताना प्रयत्न करत होती आणि पायऱ्याही मोजत होती. बावीस झाल्या.

खाली ऊन वाफ होती आणि लोखंडाचा वास. लांब टेबलावर हिरव्या कापडावर हत्यारं मांडलेली. मोठ्या सिस्टर उभ्याच होत्या. केस पांढरे झाले होते, खांदे तेच. एकेक कात्री उचलायच्या, दोनदा उघडझाप करायच्या, दिव्याकडे धरून बघायच्या, खाली ठेवायच्या. बारावी कात्री ठेवून झाल्यावर त्यांनी यादीवर सही केली. तेच शेपूट.

“ये,” त्या मान वर न करता म्हणाल्या. “वाटलंच होतं, आज येशील. उद्या तपासणी ना?”

“हो, सिस्टर.” यापुढे काय बोलायचं ते तिने जिन्यात जुळवलं होतं, ते सगळं वाफेत विरघळलं. “तुमचं... ते प्रशिक्षण राहिलंय.”

“राहिलंय कसलं? सात वेळा केलं. पाठ झालंय माझं. आवाज छान आहे गं तुझा. कुठे शिकलीस असं बोलायला?”

“कपाटात.”

“आँ?”

“कपाटात बसून रेकॉर्ड करते. घरी.”

मोठ्या सिस्टर हसल्या. चांगलं खळखळून हसल्या, आणि तिला वाटलं, सुटले. माणूस हसला म्हणजे माफ केलं, असं तिला लहानपणापासून वाटत आलं होतं. ती लगेच म्हणाली, “सिस्टर, मी वरून टिकमार्क करून टाकते. तुम्हाला उगाच त्रास. एका मिनिटाचं काम आहे.”

“कर की. तुला येतंच ते, दुसऱ्याच्या नावावर लिहायला.”

आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. त्यांनी हातमोजे काढले आणि कोपऱ्यातल्या जुनाट संगणकापाशी जाऊन बसल्या. शेजारच्या स्टुलाकडे बोट केलं. ती बसली. पडदा तिथेच उघडा होता. तुमच्या हातात रिकामी सिरिंज आहे. “वाच,” त्या म्हणाल्या. “प्रश्न काय विचारलायस?”

“तुम्ही काय कराल?”

“काय करायला हवं, असं नाही विचारलेलं. तुम्ही काय कराल. तर मी काय केलं ते मी दाबते.” त्यांनी तिसरं बटण दाबलं. अरेरे! उत्तर चुकलं, कपाटातला आवाज उत्साहाने म्हणाला. हरकत नाही, पुन्हा प्रयत्न करा. “चुकलं, मलाही ठाऊक आहे. चौदा वर्षं ठाऊक आहे. मी गप्प बसायला नको होतं. सगळ्या वॉर्डांचं बिंग फुटलं असतं तर फुटू द्यायला हवं होतं. निदान नंतरच्या पोरींनी आंधळ्या सह्यांवर विश्वास ठेवला नसता. पण चुकले म्हणून आता खोटं बटण दाबू? कशासाठी, शंभर टक्क्यांसाठी?”

मशीनमधून शिट्टीसारखी वाफ सुटली.

“आता तुझं सांग. तू यातलं कुठलं बटण दाबशील?”

तिने तीन पर्याय वाचले. तिनेच लिहिलेले. ताबडतोब सांगेन. पाळी संपल्यावर सांगेन. कोणालाही काहीही सांगणार नाही. पुन्हा वाचले. तिला खरंच एखादं सापडेल असं वाटत होतं, इतक्या मन लावून ती वाचत होती.

“नाही ना सापडत?” मोठ्या सिस्टर म्हणाल्या. “तू केलंस ते तर यादीतच नाही. आणि मी तरी कुठे आहे गोष्टीत? एकटी नर्स, एकटी सिरिंज. दुसरी सही गेली कुठे? ते जाऊ दे. त्या आजोबांचा हात तू बसल्या बसल्या बरा केलास. हात हलवून घरी गेले म्हणे! मी गेले होते त्यांच्याकडे, वर्षभर, रविवारी. उजव्या हाताने डाव्या हाताला उचलून मांडीवर ठेवायचे, कोणाचं तरी पोर असल्यासारखं.” त्या उठल्या, नवे हातमोजे चढवले. “जा आता. मला चार वाजेपर्यंत सहा ट्रे पाठवायचेत. टिकमार्क करायचा तर कर, तक्रार करणार नाही मी. माझी तक्रार करायची सवय गेली.”

“सिस्टर, मला तेव्हा...”

“भीती वाटली. कळत का नाही मला? मलाही वाटली होती.”

वर येऊन ती बराच वेळ हात धूत उभी राहिली. सहा पायऱ्या, तळव्यावर तळवा, बोटांच्या बेचक्यांत. तिला वाटलं होतं, आपल्याला रडू येईल, किंवा हलकं तरी वाटेल. तसं काहीच झालं नाही. लाज वाटत होती, अगदी साधी, आणि आश्चर्य याचं की लाजेबरोबर डोकं स्वच्छ चालत होतं. प्रशिक्षणात एक शब्द जरी बदलला आणि नवी प्रत प्रसिद्ध केली, की संगणक जुनी सगळी नोंद पुसतो आणि सगळ्यांना नवी मुदत देतो. सहाशे अकरा माणसं पुन्हा शून्यावर येणार. एकोणीस डॉक्टरांचे टिकमार्कही जाणार. उद्या पाहुणे येणार, कागद मागणार, आणि साहेब तिला फाडून खाणार. नोकरीसुद्धा राहील असं सांगता येत नव्हतं. दुसऱ्या बाजूला एक चौकट, एक टिकमार्क, एक मिनिट. कोणाचं काही बिघडणार नव्हतं. मोठ्या सिस्टरांच्या कागदावर शेरा जाणार नव्हता. आंधळी सही, पण कामाची. ती येऊन खुर्चीत बसली. तिला स्टूल आठवलं, बत्तीस शेपटं आठवली, आणि त्या स्टुलावर आता आपण बसलो आहोत हे तिला इतकं लख्ख दिसलं, की ती खुर्चीतून उठून उभी राहिली. उभ्यानेच तिने कारणाच्या रकान्यातलं ‘समक्ष’ पुसलं.

जेवणाच्या सुट्टीत तिने दार लावलं आणि मोबाइलमध्ये बोलली. कपाट नव्हतं, कोट नव्हते. पंखा घुमत होता, बाहेर कोणीतरी स्ट्रेचर ढकलत होतं, सगळं रेकॉर्ड झालं. ‘ही नर्स मी होते,’ ती म्हणाली. मग खाटा, पाटी, सिरिंज. मग दुसऱ्या सहीचा रकाना आणि तो आधीच का भरलेला असायचा ते. मग टेबलामागची तीन माणसं आणि त्यांनी काय विचारलं, ती काय म्हणाली. मग हात. ‘तो हात बरा झाला नाही.’ इथे तिचा आवाज फाटला. तिने पुन्हा रेकॉर्ड करायला बोट उचललं आणि तसंच खाली ठेवलं. मोठ्या सिस्टरांचं नाव तिने घेतलं नाही, विभागही सांगितला नाही. ते सांगायचा हक्क तिचा नव्हता. प्रश्न एकाचे दोन केले. पहिला : तुम्ही काय केलं असतं, खरं सांगा, याला गुण नाहीत. त्याला चौथं बटण जोडलं : ‘दुसऱ्या कोणावर तरी ढकललं असतं.’ दुसरा प्रश्न : काय करायला हवं होतं? ‘अरेरे’ काढून टाकलं.

प्रसिद्ध करा, असं दाबल्यावर पडद्यावर चौकट उमटली. सहाशे अकरा जणांची पूर्ण झालेली नोंद रद्द होईल. ही कृती मागे घेता येणार नाही. खाली दोन बटणं : मागे, पुढे. पुढेबाईला हसू आलं. किती वर्षांनी असं एकटीला हसू आलं! आणि तिने बटण दाबलं. अख्खा हिरवा तक्ता वरपासून खालपर्यंत लाल झाला. आवाज कसलाच झाला नाही. मग तिने खाली फोन लावला आणि म्हणाली, “सिस्टर, नवीन टाकलंय. वेळ मिळाला तर बघा.” तिकडून नुसतं “बरं” आलं.

ट्रे पाठवून झाले असतील तेव्हा, चार वाजून दहा मिनिटांनी, शेवटची ओळ हलली. पहिला पडदा. दुसरा. ती हातावर हनुवटी टेकून बघत बसली. टेबलावरचा फोन वाजायला लागला, थांबला, पुन्हा वाजायला लागला. तिने घेतला नाही. प्रश्नाच्या पडद्यावर ओळ थांबली. चार मिनिटं, सात मिनिटं. कुठलं बटण पडतंय ते तिला इथून दिसलं असतं; तिने तो रकाना झाकून ठेवला. अकराव्या मिनिटाला ओळ हिरवी झाली. सहाशे बारापैकी एक.

तेव्हा तिने फोन उचलला. “मॅडम!” साहेबांचा आवाज चिरकला होता. “अहो, शून्य दाखवतंय! सगळं गेलं! सकाळी सहाशे अकरा होते हो!”

“शून्य नाही, साहेब. एक झालंय.”

“अहो एक काय? उद्या लोक येतायत! कोणी केलं हे?”

पंखा फिरत होता. तिला भीती वाटली, चांगलीच वाटली.

“मी,” ती म्हणाली.